माहेर काढणारे पुढारी

आमटीत मीठ जास्त झाले, एवढेच सांगायचे असते. पण तेवढ्याने सासूबाईंचे समाधान होत नाही. त्या म्हणतात, "तुमच्या तिकडे असेच करीत असतील!" झाले! ह्या 'तिकडे'मध्ये सुनेचे आईबाप येतात, भाऊ-भावजया येतात, गावची नदी येते, वेशीवरचा मारुती येतो. आमटी बाजूलाच राहते. मराठीत ह्या कलेला 'माहेर काढणे' असे म्हणतात. हातात बोलण्यासारखे काही उरले नाही म्हणजे माहेर निघते, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते.

आता सुना शिकल्या, मिळवत्या झाल्या, सासवाही बदलल्या. ही खोड पुष्कळ घरांतून हद्दपार झाली. पण हद्दपार झालेली वस्तू कोठेतरी वस्तीला जातेच. ती गेली आहे निवडणुकीच्या व्यासपीठावर! प्रतिस्पर्ध्याने पाच वर्षांत काय केले आणि काय केले नाही, ह्याचा हिशेब मांडण्याऐवजी आमचे पुढारी त्याचे माहेर काढतात. तो कोणत्या मुलखातला, कोणत्या पाण्यावर वाढला, त्याच्या गावची माणसे कशी, हे सांगताना त्यांच्या वाणीला बहर येतो. उमेदवार आमचा नसला की तो 'उपरा' होतो, आमचाच असला की 'भूमिपुत्र' होतो. आणि हल्ली तर त्याला 'पार्सल' म्हणतात. आले तसे परत पाठवा म्हणून आवाहन करतात. जिवंत माणसाला टपालाची गठडी म्हणण्यात विनोद आहे असे मानणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला कोणत्या टपालाने कोठे पाठवावे, हाच खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, अहो, एवढे काय मनाला लावून घेता? गावागावांची थट्टा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. खरे आहे! ह्या दिवसांत फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या कोणत्याही मोठ्या कुटुंबाकडे पाहा. वऱ्हाडातली सून नाशिकच्या चिवड्याला फिका म्हणते, खानदेशातली वहिनी तिखटाची बाजू घेते, कोकणातली काकू सगळ्याच पदार्थांत खोबरे शोधते आणि पुण्याच्या जावयाने किती करंज्या मोजून घेतल्या, ह्यावर हशा पिकतो. ह्या थट्टेत कोणाचे काही जात नाही. कारण जिची थट्टा होते ती ताटावरच बसलेली असते, तिला उलट बोलता येते, आणि थट्टा संपताच तिच्या पानात आणखी एक चिरोटा पडतो. व्यासपीठावरच्या टोमण्यात ह्यातले काय असते? ज्या मुलखाला नावे ठेवली जातात तो मुलूख सभेला नसतो. त्याला उत्तर देता येत नाही. आणि त्याच्या पानात चिरोटा वाढावा असे तर कोणाच्या मनातही नसते. थट्टेने माणूस जवळ येतो. ह्या टोमण्याने त्याला दाराबाहेर काढायचे असते.

नाशिककरांना ह्या विषयावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे, कारण उपऱ्याचे स्वागत कसे करावे आणि कसे करू नये, हे दोन्ही धडे ह्या गावाने गिरवले आहेत. पहिला धडा १९६३ सालचा. चीनने केलेल्या पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांना जावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले. त्यांना लोकसभेत जायचे होते. यशवंतराव देवराष्ट्रे गावात जन्मलेले, कऱ्हाडला वाढलेले, कृष्णेच्या पाण्यावरचे. गोदेशी त्यांचा काय संबंध? पण नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले! 'सातारचे पार्सल' असे कोणाला म्हणावेसे वाटले असेल तर तो शब्द गिळून टाकण्याइतका विवेक त्या वेळच्या नाशिकात होता. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक म्हणत. त्या सह्याद्रीला दिल्लीत उभे राहायला जागा दिली ती नाशिकने. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. त्या कारखान्याने ह्या जिल्ह्यातल्या किती घरांत दिवाळी आणली, ते ओझर-पिंपळगावच्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे.

आता दुसरी गोष्ट ऐका. ज्यांच्या खुर्चीवर यशवंतराव बसले ते कृष्ण मेनन मूळचे केरळातल्या कोझिकोडचे. उत्तर मुंबईने त्यांना १९५७ आणि १९६२ अशा दोन निवडणुकांत लोकसभेवर पाठवले होते. १९६७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत उमेदवारी नाकारली. सबब ही की, ते मुंबईचे नव्हेत! मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध काँग्रेसच्या स. गो. बर्वे ह्यांच्या बाजूने प्रचार केला, आणि त्या काळच्या तिच्या प्रचारात दाक्षिणात्यांची संभावना कशी होत असे, ते सर्वश्रुत आहे. मेनन हरले. बर्वे ह्यांचे लगेच निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

मेनन पडले ह्याचे मला दुःख नाही. एखाद्या संरक्षणमंत्र्याला मतदारांनी घरी बसवावे, ह्यासाठी १९६२ चा तो हिवाळा पुरेसा होता. हिमालयात आपल्या जवानांना पुरेसे गरम कपडे का नव्हते, हा प्रश्न मुंबईच्या प्रत्येक चौकात विचारायला हवा होता. त्याऐवजी प्रश्न कोणता गाजला? तर हा माणूस कोठला! म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल आरोपीला जाब विचारायचा, तो गुन्हा राहिला एका बाजूला आणि शिक्षा झाली ती जन्मस्थानाबद्दल. आमटीतल्या मिठाची गोष्ट ती हीच. माहेर काढल्याने माहेराचा अपमान होतो हे तर झालेच; पण ज्याला खरोखर जाब विचारायला हवा तो जाबातून सुटतो, हे अधिक वाईट. मेनन पुढे १९६९ मध्ये बंगालातल्या मिदनापूरहून निवडून आले, १९७१ मध्ये त्रिवेंद्रमहून. मुंबईने विचारायचा प्रश्न विचारलाच नाही, मग त्याचे उत्तर तरी कोठून मिळणार?

आणि एक योगायोग सांगतो. मिग विमानांचा रशियाशी करार झाला तो १९६२ सालच्या ऑगस्टात, म्हणजे मेनन संरक्षणमंत्री असताना. आणि कारखाना ओझरला उभा राहिला तो यशवंतरावांच्या कारकिर्दीत. एक मलबारचा, एक कृष्णाकाठचा. नाशिकच्या कामगाराच्या घरी चूल पेटली ती ह्या दोन उपऱ्यांच्या हातून!

पण हा इतिहास नाशिकने तरी कोठे लक्षात ठेवला? २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांविरुद्धची भाषणे राज्यभर गाजत होती. एका नटाने उत्तर प्रदेशाचे गोडवे गावेत की महाराष्ट्राचे, इथपासून सुरुवात झाली आणि शेवट दगडांवर झाला. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत यंत्रांवर उभे असलेले हजारो कामगार बोचकी बांधून नाशिकरोडच्या फलाटावर जमले आणि मिळेल त्या गाडीने निघून गेले. त्यांतल्या एकानेही कोणाविरुद्ध निवडणूक लढवली नव्हती. त्यांचा दोष एवढाच की, ज्या पुढाऱ्यांशी आमच्या पुढाऱ्यांचे भांडण होते त्यांच्या मुलखात ते जन्मले होते. त्याच दिवसांत राज ठाकरे ह्यांच्या अटकेनंतर दगडफेक झाली आणि बसमधून चाललेला एक कामगार दगड लागून मरण पावला. तो उत्तर भारतीय नव्हता. तो मराठी होता, आणि ओझरच्या त्याच कारखान्यात नोकरीला होता!

जिभेने मारलेला दगड कोठे पडेल, हे मारणाऱ्याच्या हातात नसते. भाषण करणारा मोटारीत बसून पुढच्या सभेला जातो. टाळ्या वाजवणारे घरी जाऊन जेवतात. आणि ज्याचा त्या भांडणाशी सुतराम संबंध नाही असा कोणी एक कामाच्या पाळीवरून परत येत नाही. त्यापुढच्याच वर्षी, २००९ साली, नाशिक शहराने त्या पक्षाचे तीन आमदार निवडून दिले आणि २०१२ साली महापालिकेत त्याला १२२ पैकी ४० जागा दिल्या. पाच वर्षांनी त्या ४० च्या ५ झाल्या. पण त्याचे कारण महापालिकेचा कारभार होता, २००८ चा पश्चात्ताप नव्हे. त्या फलाटावरच्या बोचक्यांचा हिशेब नाशिककराने कोणाकडे मागितला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही.

ही खोड एकाच पक्षाची आहे असे मानून कोणी बाकीच्यांनी निश्चिंत होऊ नये. मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात खासदार संजय राऊत ह्यांनी बुलढाण्याला सांगितले की, औरंगजेब गुजरातेत जन्मला, आणि त्याच मातीतल्या पंतप्रधान मोदींची महाराष्ट्राशी वागणूक त्याच वळणाची आहे. औरंगजेब १६१८ साली दाहोदला जन्मला, हे इतिहासाने मान्य आहे. पण मग महात्मा गांधी पोरबंदरला जन्मले, त्याचे काय करावयाचे? आणि औरंगजेब मेला तो अहमदनगरजवळ भिंगारला, पुरला गेला तो खुलताबादेत. जन्माचा दोष गुजरातच्या मातीला चिकटवायचा असेल तर त्याला शेवटी पोटात घेणाऱ्या मराठी मातीला काय चिकटवावे? मोदींच्या राजवटीत महाराष्ट्राचे उद्योग गुजरातेत गेले, असा राऊतांच्या पक्षाचा आरोप होता. मग तो कारखान्यागणिक, आकड्यागणिक मांडायचा होता. त्याचे उत्तर द्यायला सरकारला घाम फुटला असता. दाहोदच्या मातीला नावे ठेवल्यावर सरकारला फक्त गुजराती जनतेचा अपमान झाला म्हणून ओरडायचे राहते, आणि ते कोणालाही जमते.

त्याच निवडणुकीत आमच्या शेजारच्या धुळे मतदारसंघात काय झाले? काँग्रेसने नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव ह्यांना उमेदवारी दिली. ताबडतोब त्यांच्याच पक्षातले लोक 'उपरी, उपरी' म्हणून ओरडले. ज्या मतदारसंघाच्या सहा विधानसभांपैकी तीन नाशिक जिल्ह्यात आहेत, तेथे नाशिकची बाई परकी! त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मग दुसऱ्या पक्षाची पाळी आली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी सभांतून हिशेब मांडला की, पाच विधानसभा मतदारसंघांत भाजप पुढे होता, एकट्या मालेगाव मध्यने घात केला. आणि ह्या मतदानाला नाव दिले 'व्होट जिहाद'. विधानसभेच्या प्रचारात हा शब्द महाराष्ट्रभर फिरला आणि त्याबरोबर मालेगावचे नाव फिरले. एकगठ्ठा मतदान चांगले की वाईट ह्याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु ती सगळीकडची व्हावी! इतर गावांनी एकाच पक्षाला भरभरून मते दिली की त्या गावाला आपण 'बालेकिल्ला' म्हणतो, पुढारी तेथे जाऊन माती कपाळाला लावतात. मालेगावने तेच केले की ते युद्ध कसे होते?

ह्या मालेगावात १८५७ नंतर उत्तरेतून विणकर आले. आग्रा रोडने चालत आले, मोसम नदीच्या काठी राहिले आणि त्यांनी मराठी बायकांसाठी लुगडी विणली. मालेगावी लुगडे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेले. आज जो वक्ता मालेगावच्या नावाने नाक मुरडतो, त्याच्या आजीने ते नेसून त्याला मांडीवर खेळवले नसेलच, असे तो छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

गुजरात आणि मालेगाव ह्या दोघांनाही नावे ठेवणाऱ्यांनी मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावाची गोष्ट ध्यानात घ्यावी. १८६३ साली तेथे एका शेतकऱ्याच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. गुजराती प्रजेवर राज्य करायला नाशिक जिल्ह्यातला शेतकऱ्याचा पोर! ह्याहून मोठे पार्सल हिंदुस्थानच्या इतिहासात कोठे गेले असेल? त्या पार्सलाने १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१३ साली त्याच्याच शिष्यवृत्तीवर एक तरुण अमेरिकेला शिकायला गेला. तो तरुण महूला जन्मलेला, मूळचा कोकणातल्या आंबडव्याचा. पुढे १९४६ मध्ये घटना समितीत जाण्याची वेळ आली तेव्हा त्याला मुंबई प्रांतातून जागा मिळाली नाही. त्याला निवडून दिले ते बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये मुंबईने आपला माणूस परत बोलावला. डॉ. आंबेडकर आपल्या घटनेपर्यंत पोचले ते असे: नाशिकचे बीज, बडोद्याचे पाणी आणि बंगालची वाट. बंगालच्या त्या आमदारांनी 'उपरा' म्हणून तोंड फिरवले असते, तर?

आता एका आक्षेपाला सरळ उत्तर दिले पाहिजे. उमेदवाराला त्याच्या गावाबद्दल काहीच विचारू नये काय? विचारावे की! तू निवडून आल्यावर आम्हाला कोठे भेटशील, हे विचारावे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी किती चालतात, हे तुला ठाऊक आहे काय. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळला की शेतकऱ्याच्या घरी काय होते, हे तुला ठाऊक आहे काय, असे खडसावून विचारावे. गोदेच्या पाण्यावर नाशिक-नगरचा हक्क किती आणि जायकवाडीखालच्या मराठवाड्याचा किती, हे भांडणही खरे आहे. ते कायद्याने आणि घनफुटांच्या हिशेबाने लढावे. पण पाण्याचे भांडण करताना मराठवाड्याच्या माणसाला आळशी म्हणायचे, आणि तिकडून नाशिककराला चोर म्हणायचे, ह्याने धरणात एक थेंब वाढत नाही. आणि स्थानिक असणे हा गुण असला तरी तो पुरेसा नव्हे. गावातच जन्मून गाव लुटणारे भूमिपुत्र आपण काही थोडे पाहिले नाहीत.

कोणी असेही सांगतील की, काळजी नको, असले टोमणे बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटतात. २०१५ साली बिहारात पंतप्रधानांनी नितीशकुमारांच्या 'डीएनए'चा उल्लेख केला, नितीशकुमारांनी तो सगळ्या बिहारचा अपमान ठरवला आणि निवडणूक जिंकली. अमेरिकेत २०१६ साली टेड क्रूझ ह्यांनी ट्रम्प ह्यांना 'न्यूयॉर्कची मूल्ये' म्हणून हिणवले. तीन महिन्यांनी न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा तेथल्या लोकांनी क्रूझना तिसऱ्या नंबरावर बसवले. हे सगळे खरे. पण १९६७ ची मुंबई आणि २००९ चे नाशिक हेही तितकेच खरे. टोमणा कधी उलटतो, कधी फळतो. फळत नाही म्हणून तो वाईट, असे म्हणणाऱ्याला तो फळेल त्या दिवशी चांगला म्हणावे लागेल!

मग कायदा काय करतो? घटनेच्या १५ आणि १६ व्या कलमांनी सरकारला बजावले आहे की, जन्मस्थानावरून नागरिकानागरिकांत भेद करू नये. एखाददुसरा अपवाद सोडला तर देशातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेल्या माणसाला देशात कोठूनही लोकसभेला उभे राहता येते. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम वाचा. धर्म, वंश, जात, जमात आणि भाषा ह्यांच्या नावाने मते मागणे किंवा द्वेष पसरवणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. ह्या यादीत जन्मस्थान नाही, प्रांत नाही! फौजदारी कायद्यात जन्मस्थानावरून वैर पसरवणे हा गुन्हा आहे, पण त्याची शाबिती होईपर्यंत पुढची निवडणूक येते. जाळ्याला हे भोक राहिले आहे आणि मासे नेमके त्यातून पोहून जातात. त्या पाच शब्दांत 'जन्मस्थान' हा सहावा शब्द घालावा, अशी मागणी नाशिकच्या वकिलांनी, प्राध्यापकांनी, कामगारांच्या संघटनांनी करावी. जे गाव यशवंतरावांना बिनविरोध पाठवू शकले त्या गावाला ही मागणी शोभून दिसेल.

तो सहावा शब्द पडेल तेव्हा पडेल. तोवर एक कायदा आपल्या हातात आहे, अक्षरशः हातात. टोमणा एकट्याने पुरा होत नाही. त्याला टाळी लागते. घरात सासूबाईंनी माहेर काढले तेव्हा सासरे गालातल्या गालात हसले की सुनेचा घात होई. सासऱ्यांनी पानावरून मान वर न करता "आमटीचे काय ते बोला" म्हटले की तो विषय तेथेच संपे. सभेत आपली जागा त्या सासऱ्यांची आहे. पुढारी उमेदवाराचे माहेर काढू लागला की टाळी देऊ नये. हात मांडीवर ठेवावेत. आणि तो दम घ्यायला थांबला की पहिल्या रांगेतून कोणीतरी स्पष्ट आवाजात म्हणावे, "साहेब, आमटीचे काय ते बोला!"